पाठीवरचे बिऱ्हाड : डी. एच. लॉरेन्सची देशांतरे

इंग्लंडच्या मध्यभागातील नॉटिंगहॅमशायर परगण्यात, कोळशाच्या खाणींनी वेढलेल्या ईस्टवुड या गावी ११ सप्टेंबर १८८५ रोजी एका खाणकामगाराच्या पोटी जन्मलेल्या डेव्हिड हर्बर्ट लॉरेन्सने त्या गावाचे, तेथील काजळलेल्या घरांच्या रांगांचे, गुत्त्यावरून उशिरा परतणाऱ्या बापाचे आणि मुलांना त्या काळोखातून वर काढण्यासाठी जिवाचे रान करणाऱ्या आईचे जे चित्र ‘सन्स अँड लव्हर्स’ या कादंबरीत रेखाटले, त्यावरून शेवटचा हात फिरला तो इटलीतील गार्दा सरोवराच्या काठी, लिंबांच्या बागा असलेल्या गार्न्यानो या खेड्यात. पुढे पंधरा वर्षांनी याच परगण्यातील खाणी, उमरावांचे वाडे आणि राखीव राने यांच्या पार्श्वभूमीवर त्याने आपली अखेरची मोठी कादंबरी लिहिली, ती फ्लॉरेन्सजवळच्या टेकडीवर पाइन वृक्षांच्या सावलीत बसून. या दोन ग्रंथांच्या दरम्यान इटली, जर्मनी, सिलोन, ऑस्ट्रेलिया, अमेरिका आणि मेक्सिको इतके मुलूख त्याने पायांखाली घातले. फिरत्या लेखकाला प्रवास नवनवे विषय पुरवितो, ही सर्वमान्य समजूत लॉरेन्सच्या बाबतीत थोडीच खरी आहे. त्याच्या ग्रंथांच्या जन्मस्थळांची आणि जन्मतिथींची यादी समोर ठेवून पाहिले असता वेगळीच गोष्ट ध्यानी येते, ती अशी की, मागे टाकलेला देश पुढल्या देशात पाऊल ठेवल्यानंतरच त्याच्या लेखणीला वश होत असे. या दृष्टीने त्याच्या देशांतरांची हकीकत सांगण्यासारखी आहे.

घर सोडण्याचा पहिला प्रसंग प्रेमातून उद्भवला. लंडनजवळच्या क्रॉयडन येथे तीन वर्षे शाळामास्तरकी केल्यावर, १९११ च्या अखेरीस न्यूमोनियाच्या दुखण्यातून कसाबसा उठलेला हा सव्वीस वर्षांचा तरुण, परदेशी विद्यापीठात एखादी जागा मिळते का, याची विचारणा करण्यासाठी आपले जुने प्राध्यापक अर्नेस्ट वीक्ली यांच्या घरी गेला, आणि तेथे त्याची गाठ पडली ती वीक्लींच्या पत्नीशी, फ्रीडाशी. ती जन्माने जर्मन, फोन रिख्टहोफेन या सरदार घराण्यातली, त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी आणि तीन मुलांची आई होती. भेटीला दोन महिने होतात न होतात तोच, ३ मे १९१२ रोजी, ही दोघे इंग्लंड सोडून फ्रीडाच्या माहेरी, मेट्झ या त्या वेळच्या जर्मन लष्करी शहरी निघाली. तेथे तटबंदीच्या आसपास परक्या भाषेत बोलत हिंडणाऱ्या या इंग्रजाला अंमलदारांनी हेर म्हणून हटकले आणि त्याला ते शहर सोडावे लागले. परक्या देशाच्या दप्तरात संशयित म्हणून नोंद होण्याचा हा अनुभव पाच वर्षांनी खुद्द त्याच्या मायभूमीत, उलट्या दिशेने, पुन्हा त्याच्या वाट्याला यावयाचा होता. बव्हेरियात काही आठवडे काढल्यावर दोघांनी सामान पुढे पाठवून दिले आणि पाठीवर पिशव्या टाकून, वाटेत गवताच्या कोठारांत रात्री काढीत, आल्प्स पर्वत बहुतांशी पायी ओलांडून ती इटलीत उतरली.

गार्न्यानो येथे १९१२ च्या शरद ऋतूत लॉरेन्सने जे केले त्याकडे जरा निरखून पाहिले पाहिजे, कारण त्याच्या पुढील सगळ्या आयुष्याची रीत तेथे प्रथम दिसते. आईच्या अखेरच्या दुखण्याच्या सुमारास, १९१० साली, ‘पॉल मोरेल’ या नावाने आरंभलेली ही कादंबरी दोन वर्षे निरनिराळ्या मसुद्यांत रखडत होती. १९१२ च्या जुलैत एका प्रकाशकाने ती साभार परत पाठविली होती. इंग्लंडात असताना जे आईच्या मृत्यूच्या शोकात अडकले होते, ते या सरोवरकाठी मोकळे झाले. शोक ओसरला होता, आणि शेजारी बसलेली परकी स्त्री त्या आईविषयी निर्भीड प्रश्न विचारीत होती. आईच्या प्रेमानेच मुलाला कसे जखडून ठेवले, हे तिच्याशी झालेल्या वादांतून त्याला लख्ख दिसू लागले. जुन्या मसुद्यात दुरुस्त्या करण्याऐवजी त्याने कादंबरी नव्याने लिहून काढली, तिचे नाव बदलले आणि नोव्हेंबरच्या मध्यास हस्तलिखित लंडनला रवाना केले. दुसऱ्या एका प्रकाशनसंस्थेचे सल्लागार एडवर्ड गार्नेट यांनी त्यातील सुमारे दहावा हिस्सा छाटला; गाठीला पैसा नसलेल्या आणि परमुलखात राहणाऱ्या लेखकाने ती छाटणी मुकाट्याने मान्य केली, कारण शंभर पौंडांच्या मेहनतान्यावर त्याचा पुढील हिवाळा अवलंबून होता. कापलेले भाग परत घालून सिद्ध केलेली संपूर्ण प्रत वाचकांच्या हाती यावयास १९९२ साल उजाडावे लागले. लेखक प्रकाशकाच्या गावापासून दूर असला की, त्याच्या शब्दांचा कैवार घेणारे कोणी तेथे नसते, हे देशांतराचे पहिले मोल त्याने येथे मोजले.

१९१४ च्या जूनमध्ये, फ्रीडाचा घटस्फोट पुरा झाल्यावर, केवळ विवाहाची नोंद करण्यापुरती ही दोघे लंडनला आली. १३ जुलैला विवाह झाला आणि तीन आठवड्यांत महायुद्ध पेटले. इटलीला परतण्याचा बेत जागच्या जागी राहिला आणि पाच वर्षे त्यांना इंग्लंडच्या बाहेर पडता आले नाही. स्थिर राहण्याची सक्ती झालेली ही पाच वर्षे लॉरेन्सच्या आयुष्यातील सर्वांत दुःखाची ठरली. ३० सप्टेंबर १९१५ रोजी प्रसिद्ध झालेली ‘द रेनबो’ ही कादंबरी पोलिसांनी जप्त केली आणि १३ नोव्हेंबरला लंडनच्या बो स्ट्रीट न्यायालयाने तिच्या हजाराहून अधिक प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला; प्रकाशकाने लेखकाच्या बाजूने एक शब्दही काढला नाही. अमेरिकेस जावे तर लष्करभरतीच्या काळात परवाना मिळेना. तेव्हा तो पत्नीसह कॉर्नवॉलच्या खडकाळ किनाऱ्यावर, झेनर या खेड्याजवळ, वर्षाला पाच पौंड भाड्याच्या एका झोपडीवजा घरात जाऊन राहिला. तेथे त्याने ‘विमेन इन लव्ह’ लिहिली, आणि तिच्यातही कॉर्नवॉलचा समुद्र नाही; आहेत त्या ईस्टवुडकडच्या खाणी, आणि शेवटी बर्फाच्छादित आल्प्स, चार वर्षांपूर्वी त्याने पायांनी ओलांडलेला.

या किनाऱ्यावरून जर्मन पाणबुड्यांचा संचार होता, घरातली बाई जर्मन होती, संध्याकाळी ती जर्मन गाणी म्हणे आणि युद्धाविषयी नवरा उघड तिटकाऱ्याने बोले. गावकऱ्यांच्या मनात किल्मिष येण्यास इतके पुरेसे होते. घराची झडती झाली, कागदपत्रे नेण्यात आली, आणि १२ ऑक्टोबर १९१७ रोजी एक लष्करी अंमलदार पोलिसांसह दारात येऊन उभा राहिला व तीन दिवसांच्या आत परगणा सोडून जाण्याचा लेखी हुकूम त्याने बजावला. कोणत्या अपराधाबद्दल, हे सांगितले गेले नाही. पुढे जेथे मुक्काम होईल तेथील पोलीस ठाण्यात वर्दी देण्याचे बंधन मात्र घातले गेले. लष्करभरतीसाठी त्याची तीनदा वैद्यकीय तपासणी झाली, आणि त्या तपासणीत क्षीण देहाच्या, अभिमानी माणसाची जी विटंबना झाली ती तो मरेपर्यंत विसरला नाही. तरी या अपमानाबद्दल त्याने त्या वेळी कथात्म असे काही लिहिले नाही. ते कोठे आणि कधी लिहिले गेले, हे पुढे येईलच.

युद्ध संपल्यावर परवाने हाती पडताच फ्रीडा आपल्या आईकडे जर्मनीला गेली आणि लॉरेन्स नोव्हेंबर १९१९ मध्ये इटलीला निघाला. त्यानंतरच्या दहा वर्षांत तो इंग्लंडला तीनदा आला, तोही पाहुण्यासारखा, थोड्या दिवसांसाठी. या भटकंतीला स्वभावाची ओढ होती तशीच हिशेबाचीही बाजू होती, आणि तिच्याकडे डोळेझाक करणारे चरित्रकार त्याच्यावर अन्याय करतात. युद्धानंतर लिराचा भाव उतरल्यामुळे मोजक्या पौंडांत इटलीत सन्मानाने राहता येत असे. ज्याच्या एका ग्रंथाला न्यायालयाने जाळले आणि ज्याच्या दुसऱ्या ग्रंथाला इंग्लंडात प्रकाशक मिळेना, अशा लेखकाने लंडनच्या भाड्यात आपली शक्ती खर्च करावी, असे कोण म्हणेल? ‘विमेन इन लव्ह’ अखेर १९२० मध्ये न्यूयॉर्कच्या थॉमस सेल्ट्झर यांनी वर्गणीदारांपुरती छापली. त्याच वर्षी लॉरेन्स सिसिलीतील ताओर्मिना गावाच्या वर, बदामांच्या बागांमध्ये उभ्या असलेल्या फोन्ताना वेक्या या जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर राहावयास आला आणि तेथे जवळजवळ दोन वर्षे टिकला, हा त्याच्या मानाने दीर्घच मुक्काम म्हटला पाहिजे.

बिऱ्हाड सतत हलते ठेवणाऱ्याची हस्तलिखितेही वाटेत विखुरतात. १९१३ साली गार्न्यानो येथे सुरू केलेल्या एका कादंबरीची सुमारे दोनशे पाने जर्मनीत राहून गेली होती, आणि युद्धामुळे ती सहा वर्षे शत्रूच्या मुलखात अडकून पडली. १९२० च्या आरंभी ती टपालाने परत मिळाली तेव्हा त्याने ती वाचली, बाजूला ठेवली आणि ताओर्मिना येथे दोनएक महिन्यांत नवीच कादंबरी लिहून काढली. तीच ‘द लॉस्ट गर्ल’. ईस्टवुडवर बेतलेल्या गावातील एका व्यापाऱ्याची मुलगी इटालियन माणसाशी लग्न करून आब्रुत्सीच्या डोंगरांत जाते, ही तिची कथा. एडिंबरो विद्यापीठाचे शंभर पौंडांचे जेम्स टेट ब्लॅक पारितोषिक तिला लाभले आणि त्याच्या हयातीत मायदेशाने केलेला गौरव असा तेवढाच.

त्याच्या दैनंदिन राहणीविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण अशा आयुष्यात लेखन कसे तगते याचे मर्म तेथे आहे. लॉरेन्सच्या मालकीचे घर कधीच नव्हते, नोकर क्वचितच असे, आणि जेथे जाईल तेथे दोनचार दिवसांत भिंतींना रंग देणे, फळ्या ठोकणे, फरशी घासणे, पाव भाजणे, मुरंबा घालणे ही कामे तो स्वतः आवडीने करी. फ्रीडाला गृहकृत्यांत फारशी गती नव्हती. प्रवासात स्पिरिटचा दिवा, चहाचे सामान, पाव आणि लोणी असे फिरते स्वयंपाकघर बरोबर असे. जानेवारी १९२१ मध्ये सार्डिनिया बेटावर दहाएक दिवस हिंडताना हे सामान त्यांच्याजवळ होते, आणि परत आल्यावर, वाटेत टिपणे केलेली नसताना, केवळ स्मरणावर भिस्त ठेवून त्याने काही आठवड्यांत ‘सी अँड सार्डिनिया’ हे पुस्तक पुरे केले. वाचताना थक्क व्हावे इतके त्यात रंग, वास, कापडांचे पोत आणि माणसांचे चेहरे आहेत. सकाळी एखाद्या झाडाला पाठ टेकून, गुडघ्यावर वही ठेवून तो लिही, आणि मसुदा पसंत पडला नाही तर खाडाखोड करीत बसण्यापेक्षा पहिल्या ओळीपासून पुन्हा लिही. ज्याची मागची वही कोठल्या तरी देशात पडून असण्याचाच संभव अधिक, त्याला ही पद्धत सोयीचीही होती. मित्र आणि प्रकाशक यांच्याशी संबंध उरला तो टपालातून; त्याची पाच हजारांहून अधिक पत्रे आठ खंडांत छापली गेली आहेत, आणि इंग्रजी पत्रवाङ्मयात त्यांच्या तोडीची पत्रे फार थोडी आहेत, असे माझे मत आहे.

अमेरिकेतील न्यू मेक्सिको प्रांतातून, टाओस येथे राहणाऱ्या मेबल डॉज या श्रीमंत आणि हौशी बाईंचे निमंत्रण १९२१ च्या नोव्हेंबरात आले. तिकडे जाण्याचा त्याने निश्चय केला, आणि गेला तो पूर्वेच्या बाजूने, पृथ्वीला वळसा घालून. अर्ल आणि अक्सा ब्रूस्टर हे त्याचे अमेरिकन चित्रकार मित्र बौद्ध धर्माच्या अभ्यासासाठी सिलोनात, कँडीच्या तळ्यावरच्या टेकडीवर एका बंगल्यात राहत होते. मार्च १९२२ मध्ये लॉरेन्स पती-पत्नी नेपल्सहून बोटीने कोलंबोला उतरून त्यांच्याकडे गेली. आपल्याकडील वाचकाचे कुतूहल येथे स्वाभाविकपणे जागे होते, कारण हिंदुस्थानच्या इतक्या जवळ तो पुन्हा कधी आला नाही. पण सिलोनच्या उकाड्याने त्याला नामोहरम केले; पोटाच्या विकाराने तो बेजार झाला, रात्री जंगलातील आवाजांनी झोप उडे, आणि ज्या बौद्ध विचाराने त्याच्या मित्राला शांती दिली होती तो त्याला जीवनापासून दूर नेणारा वाटला. सहा आठवड्यांत त्याने तेथून पाय काढला.

या सहा आठवड्यांतील एक रात्र मात्र त्याच्या मनात कायमची रुतली. नोव्हेंबर १९२१ मध्ये मुंबईच्या धक्क्यावर उतरताच ज्यांचे स्वागत हरताळाने आणि दंगलींनी झाले होते, ते इंग्लंडचे युवराज हिंदुस्थानचा दौरा आटोपून कँडीला आले, आणि २३ मार्चच्या रात्री त्यांच्यासाठी दळदा मंदिरासमोर पेरहेरा, म्हणजे हत्तींची मिरवणूक, निघाली. मशालींच्या उजेडात झुलणारे हत्ती, ढोलांच्या तालावर बेभान नाचणारे नर्तक, आणि त्या साऱ्या वैभवाकडे थकल्या चेहऱ्याने पाहणारा, फिकट, अवघडून बसलेला राजपुत्र, हे दृश्य पाहून लॉरेन्सने ‘एलिफंट’ ही दीर्घ कविता रचली. साम्राज्याच्या वारसाजवळ त्या प्रचंड प्राण्यांच्या वंदनाला पुरे पडेल असे तेज नाही, ही जाणीव एका इंग्रजाच्या कवितेत त्या काळी यावी, याचे महत्त्व आपल्याला विशेष वाटले पाहिजे. पण ही एक कविता सोडली तर कँडीत तो लिहीत काय होता? जोव्हानी व्हेर्गा या सिसिलियन कादंबरीकाराच्या ‘मास्त्रो-दोन जेझुआल्दो’ या कादंबरीचा इंग्रजी अनुवाद तो तेथे पुरा करीत होता. सभोवार नारळी आणि फणस, आणि वहीत सिसिलीचे उन्हाने करपलेले शेतकरी! ज्या मुलखाचा निरोप घेऊन महिनाही झाला नव्हता, तो येथे त्याच्या लेखणीखाली आला होता.

मे महिन्यात तो ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरला, आणि पुढे सिडनीच्या दक्षिणेस थिरूल या खाणकामगारांच्याच एका समुद्रकाठच्या गावी त्याने घर भाड्याने घेतले. गावात तो कोणालाच ओळखत नव्हता. तेथे सहाएक आठवड्यांत त्याने ‘कँगरू’ ही कादंबरी जवळजवळ संपूर्ण लिहिली. शेवटचे प्रकरण टाओसला जाऊन पुरे केले. सिडनीतील गुप्त लष्करी संघटना आणि तिचा पुढारी यांच्याभोवती रचलेले तिचे राजकीय कथानक घाईचे आणि ठिसूळ आहे, हे मान्य केलेच पाहिजे. पण तिच्या मध्यावर ‘नाइटमेअर’ नावाचे एक लांबलचक प्रकरण येते, आणि त्यात काय आहे? कॉर्नवॉलची झोपडी, खिडकीबाहेर दबा धरून बसलेले पहारेकरी, ऑक्टोबरातील तो हद्दपारीचा हुकूम, वैद्यकीय तपासणीतील नग्न अवहेलना. पाच वर्षे जे मुक्याने वाहिले, ते पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, इंग्लंडशी कसलाही धागा नसलेल्या किनाऱ्यावर, एका दमात बाहेर पडले. त्या प्रकरणाची पाने या कादंबरीतील सर्वांत जिवंत पाने आहेत. जेथे तो बसला होता त्या देशाविषयीचे कथानक कच्चे, आणि जो मागे टाकला होता त्या देशाविषयीचे लेखन धगधगीत, असा हा फरक एकाच पुस्तकाच्या दोन अंगांत पाहावयास मिळतो.

सदतिसाव्या वाढदिवशी तो टाओसला पोहोचला. यजमान बाईंच्या दडपणाखाली राहणे अशक्य झाल्यामुळे तो लवकरच डोंगरातल्या एका गुराखी मळ्यावर गेला. नंतर मेक्सिकोतील चापाला सरोवर, न्यूयॉर्क, पुन्हा मेक्सिको, मग लंडन, पुन्हा टाओस, असा दीड-दोन वर्षांचा काळ गेला. १९२४ मध्ये लंडनमधील एका मेजवानीत त्याने मित्रांना आपल्याबरोबर येऊन न्यू मेक्सिकोत एक वसाहत स्थापण्याचे आवाहन केले. ‘रानानिम’ नावाच्या अशा एका मित्रवसाहतीचे स्वप्न तो युद्धाच्या पहिल्या हिवाळ्यापासून पाहत होता, आणि त्याच्या भ्रमणामागे कोठे तरी कायम थांबण्याचीच आस होती, हे ज्यांना कळले नाही त्यांना लॉरेन्स कळला नाही. आला एकच जण, डॉरोथी ब्रेट ही ऐकू न येणारी चित्रकार बाई. टाओसजवळचा कायोवा हा एकशेसाठ एकरांचा मळा मेबल डॉजने फ्रीडाच्या नावे करून दिला, आणि त्याच्या बदल्यात त्यांनी तिला दिले ‘सन्स अँड लव्हर्स’चे मूळ हस्तलिखित. ईस्टवुडच्या बालपणाचे कागद देऊन रॉकी पर्वतात आठ हजार फुटांवर जमीन मिळाली!

मेक्सिकोवरील ‘द प्लूम्ड सर्पंट’ त्याने १९२३ मध्ये चापालाकाठी एकदा आणि १९२४-२५ च्या हिवाळ्यात वाहाका येथे पुन्हा लिहिली. जुन्या देवतांचे पुनरुज्जीवन घडवून आणणाऱ्या नेत्यांची ही कादंबरी तिच्या स्तोत्रांनी आणि विधींनी जड झाली आहे, आणि तिच्यातील हुकमी सत्तेचे आकर्षण आज वाचताना क्लेश देते. तिचा शेवट लिहून होताच तो अंथरुणाला खिळला. मेक्सिको सिटीच्या डॉक्टरांनी क्षयाचे निदान केले, आणि अमेरिकेच्या सरहद्दीवर एल पासो येथे त्याची प्रकृती पाहून अंमलदारांनी अडवणूक केली. शेवटी सहा महिन्यांच्या मुदतीचा परवाना मिळाला. सप्टेंबर १९२५ मध्ये ती मुदत संपत आल्यावर त्याने युरोपची बोट धरली, आणि फ्रीडाच्या त्या मळ्यावर तो जिवंतपणी पुन्हा गेला नाही.

१९२६ च्या उन्हाळ्याअखेर तो शेवटचा इंग्लंडला गेला. खाणमालकांनी मे महिन्यापासून कामगारांना बाहेर काढले होते. ईस्टवुडच्या परिसरात उपासमार होती, ज्या बाया चर्चमध्ये जात त्या आता लाल निशाण घेऊन उभ्या होत्या, आणि रस्त्यावर पोलीस होते. हे पाहून तो फ्लॉरेन्सबाहेरील व्हिल्ला मिरेंदा या भाड्याच्या घरी परतला, आणि ऑक्टोबरमध्ये ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ लिहावयास बसला. जानेवारी १९२८ पर्यंत त्याने ही कादंबरी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तीनदा लिहिली. लढाईत पंगू झालेला खाणमालक, त्याची पत्नी आणि रानाचा रखवालदार यांच्या कथेतून इंग्लंडच्या उद्योगयुगाने माणसांच्या देहाची आणि मनाची जी नासाडी केली तिच्यावरचा हा अभियोग आहे. त्यातील शृंगाराची उघड वर्णने त्या अभियोगाचाच भाग आहेत.

इंग्लंडात किंवा अमेरिकेत ती छापणे शक्य नव्हते, म्हणून त्याने फ्लॉरेन्समधील पुस्तकविक्रेते पिनो ओरिओली यांच्या साह्याने ती स्वतःच काढली. एका टंकलेखिकेने काही प्रकरणांनंतर काम सोडून दिले. छापखान्यातील जुळाऱ्यांना इंग्रजीचा गंध नव्हता, त्यामुळे मुद्रिते तपासताना अक्षरशः अक्षरनिहाय चुका काढाव्या लागल्या. आणि छापखान्यात खिळे इतके थोडे की, अर्धे पुस्तक जुळवून, छापून, खिळे मोकळे करून मगच उरलेले अर्धे जुळविता आले. १९२८ च्या जुलैत लेखकाच्या सहीच्या एक हजार प्रती दोन पौंडांप्रमाणे टपालाने वर्गणीदारांकडे गेल्या. दोन्ही देशांच्या जकात खात्यांनी हाती लागतील तेवढ्या पकडल्या, चोरट्या आवृत्त्या निघाल्या. तरीही आयुष्यात प्रथमच त्याच्या गाठी हजारएक पौंड जमले. औषधोपचार आणि हवापालट या पैशावर झाले.

या पुस्तकाचा पुढला इतिहास आपल्या दारापर्यंत येतो. १९६० साली लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात पंचांनी पेंग्विन प्रकाशनाला निर्दोष ठरविले. पण त्याच्या आदल्या वर्षीच्या डिसेंबरात मुंबईत एका पुस्तकांच्या दुकानातून पोलिसांनी पाठविलेल्या बनावट गिऱ्हाइकाने या कादंबरीची अखंड प्रत विकत घेतली होती, आणि दुकानाच्या भागीदारांवर भारतीय दंडसंहितेच्या २९२ व्या कलमाखाली फौजदारी खटला भरला गेला होता. मुल्कराज आनंद यांनी बचावाच्या बाजूने साक्ष दिली. दंड फक्त वीस रुपयांचा झाला. पण हे अपील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि ‘रणजित उदेशी विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या खटल्यात १९ ऑगस्ट १९६४ रोजी न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी, १८६८ सालच्या हिकलिन प्रकरणातील अश्लीलतेची कसोटी आधाराला घेऊन, शिक्षा कायम केली. ज्या इंग्लंडने ही कसोटी घडविली त्याने ती तोवर टाकून दिली होती. विक्रेत्याला दोषी धरणारा हा निकाल साहित्याच्या दृष्टीने अन्याय्य होता, असे मला निःसंशय वाटते, आणि तो देशात कित्येक वर्षे दंडक म्हणून वापरला गेला, ही अधिक खेदाची गोष्ट आहे.

लॉरेन्सची शेवटची दोन वर्षे स्वित्झर्लंड, दक्षिण फ्रान्स, स्पेनमधील मायोर्का आणि जर्मनी यांच्यामध्ये, क्षयाला मानवेल अशी हवा शोधण्यात गेली. तेव्हाही लेखन थांबले नव्हते. लंडनमध्ये त्याच्या चित्रांच्या प्रदर्शनातून पोलिसांनी तेरा चित्रे उचलून नेली त्या वर्षी, १९२९ च्या अखेरीस, तो समुद्रकाठच्या बांदोल येथे ‘अपॉकलिप्स’ हे अखेरचे पुस्तक लिहीत होता. व्हाँस या गावच्या आरोग्यभवनात त्याचे मन रमेना, म्हणून त्याला त्याच गावी एका भाड्याच्या घरात हलविले, आणि दुसऱ्याच रात्री, २ मार्च १९३० रोजी, चव्वेचाळिसाव्या वर्षी तेथे त्याचा अंत झाला. पाच वर्षांनी त्याचा देह उकरून दहन करण्यात आले आणि त्याच्या नावाचे एक लहानसे स्मारकमंदिर कायोवा मळ्यावर उभे राहिले. तो मळा आज न्यू मेक्सिको विद्यापीठाकडे आहे.

ज्या मराठी वाचकाला हा लेखक अद्याप अपरिचित आहे त्याला एवढेच सुचवावेसे वाटते की, न्यायालयांनी गाजविलेल्या पुस्तकापासून आरंभ करू नये. प्रथम ‘सन्स अँड लव्हर्स’ वाचावी, आणि ती १९९२ सालची संपूर्ण प्रत मिळवून वाचावी. मग ‘विमेन इन लव्ह’, त्यानंतर सार्डिनियाचे प्रवासवर्णन आणि पत्रांचा एखादा निवडक संग्रह घ्यावा, आणि ‘लेडी चॅटर्ली’ शेवटी, जेव्हा त्या रानामागच्या खाणी आणि खाणींमागचे ईस्टवुड ओळखीचे झालेले असेल तेव्हा हाती घ्यावी. चांगल्या संपादित आवृत्तीच्या आरंभी पुस्तक कोठे लिहिले गेले याची नोंद दिलेली असते. ती वाचल्यावाचून पुढे जाऊ नये.